विडंबनी रॉक बँडवर खरंच हसू येतं का? (कोजागिरीची १५ मिनिटं)

धुऱ्यावरचा

कोजागिरीला मंडळाच्या कार्यक्रमात १५ मिनिटांचा विडंबनी रॉक बँड ठेवायचं घाटतंय. सामान असं: एक इलेक्ट्रिक गिटार, २० वॅटचा अँप, ऑक्टोपॅड (काठ्यांनी वाजवायचा इलेक्ट्रॉनिक ड्रम), कॅसिओवर बास, एक खंजेरी आणि एक गाणारा. जागा शाळेचं पटांगण. प्रेक्षक तीनएकशे, आजीबाईंपासून शेंबड्या पोरांपर्यंत. त्यात रॉक ऐकणारे दहा निघाले तरी पुष्कळ. विषय जळालेली डीपी, म्हणजे वस्तीला आणि शेतातल्या मोटारींना वीज देणारा ट्रान्सफॉर्मर.

प्रश्न एवढाच की असे बँड खरोखर हसवतात, की विग घातलेली पोरं पाहून दोन मिनिटं गंमत वाटते आणि मग लोक आटीव दुधाच्या गंजाकडे सरकतात? पहिलं कडवं मोठ्या अभंगाच्या मापात, ६-६-६-४ अक्षरांत बसवलंय:

डीपी जळे रात्री
अंधारली वस्ती
मोटार ही नुस्ती
गप्प बसे

सहावी_तार

बहुतेक बँड नाही हसवत. विग, काळा टी-शर्ट, बाहेर काढलेली जीभ, याचं भांडवल दीड मिनिटात संपतं. विनोद फक्त दिसण्यात असला की अडचण अशी, दिसणं पुढे बदलत नाही. दुसऱ्या गाण्यालाही तोच विग.

जे हसवतात ते वाजवायला पक्के असतात. स्पायनल टॅप घ्या. रॉब रायनरच्या १९८४ च्या चित्रपटातला हा बनावट बँड, पण मायकल मॅककीन, ख्रिस्तोफर गेस्ट आणि हॅरी शिअरर तिघंही स्वतः गातात, वाजवतात. त्यांच्या एका गाण्यात तिघंही बास गिटार गळ्यात घालतात. वाजवणाऱ्याला ही शुद्ध चूक वाटते, कारण बासची सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्झच्या आसपास बोलते आणि तिथे तीन वाद्यं एकत्र आली की एकमेकांना गिळतात, नुसता चिखल होतो. त्यांनी तो चिखल मोजूनमापून केलाय. विनोद कानाला लागतो, डोळे मिटले तरी.

हर_बोला

भाऊ, थो स्पायनल टॅप आपल्या गावात कोनाले मालूम हाय? ज्याची नक्कल करता थे मूळच कोनाले मालूम नसन, तं हासन कोन?

पोळ्याच्या झडत्या पायजा. तोरनाखाली बैल उभे हायेत, एक जन उठते, झडती म्हनते, पाटलापासून दिल्लीपर्यंत सगळ्याईले घेते, शेवटी 'एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव'. सगळ्याईले ठाव असते का शेवट कुठी येनार हाय, म्हनून तर मधातल्या ओळीत काय घुसवलं याची मजा येते. तुमच्या बँडले असा ठावका शेवट कोनता?

पऱ्हाटी

हर_बोला भाऊंचा मुद्दा मूळचा आहे, पण इथे तीन वेगळ्या गोष्टी एकाच टोपलीत पडल्यात.

एक, रॉकचंच विडंबन: त्यांचा फुगीरपणा, न संपणारे सोलो, अंधाराची आणि सैतानाची भाषा. दोन, एखाद्या ठरावीक गाण्याचं विडंबन. तीन, गावचा विषय रॉकच्या कपड्यात. धुऱ्यावरचा भाऊंचं कडवं तिसऱ्या जातीचं आहे. त्याला मूळ माहीत असण्याची गरज कमी लागते. एवढ्याशा डीपीसाठी एवढा आक्रोश, ही तफावत दिसली की पुरे.

पहिल्या जातीतलंही सगळं परकं नसतं. स्पायनल टॅपच्याच चित्रपटात स्टेजसाठी दगडी कमानीचं माप कागदी रुमालावर लिहून देतात. फुटाच्या एका खुणेऐवजी इंचाच्या दोन खुणा पडतात आणि १८ फुटांची कमान १८ इंचांची होऊन येते. पेंडॉलवाल्याला कधीही माप लिहून दिलेल्या माणसाला यासाठी रॉक कळावं लागत नाही. (आपल्याकडे १८ इंची म्हटलं की आधी डीजेचा बेस डोळ्यांपुढे येतो, ते सोडा.)

अक्षरगणित

कडव्याकडे येतो. ६-६-६-४ हे माप रॉकच्या चार मात्रांच्या ठेक्यात छान बसतं. त्या चार मात्रांचे आठ अर्धे भाग, म्हणजे आठ घरं धरा. पहिल्या तिन्ही चरणांत सहा घरं भरतात, दोन मोकळी राहतात, तिथे गिटारने तार दाबून 'छग-छग' करायचं. चौथ्या चरणात चार घरं भरतात आणि चार रिकामी. ड्रमचा तोडा आणि लोकांचं हसू, दोन्ही त्या चार घरांत.

पण अक्षरं लिहिताना मोजलीत, म्हणताना नाही. अभंगाच्या चालीत प्रत्येक अक्षर उच्चारून, ओढून म्हणतात. रॉकच्या झटक्यात बोलीतला उच्चार येतो. 'अंधारली'चं 'अंधार्ली' होतं, 'मोटार ही'चं 'मोटार्ही'. सहाची पाच झाली, एक घर रिकामं पडलं, गाणारा पुढचा शब्द अलीकडे ओढतो आणि तिसऱ्या चरणापर्यंत ऑक्टोपॅडच्या पुढे निघून जातो. मग लोकांना वाटतं ऑक्टोपॅडवाला चुकला.

उपाय असा की मधलं अक्षर गळणार नाही असे शब्द घ्या, दीर्घ स्वरांचे:

डीपी जळे रात्री
काळी झाली वस्ती
पंपाची बी मस्ती
जिरली बा

'जिरली'चं 'जिर्ली' होणारच. तिथे होऊ द्या. त्या चरणामागे चार घरं मोकळीच आहेत, एक वाढलं तर हसायला जागाच वाढते.

ऑक्टोपॅड_वडसा

अक्षरगणित सर, एक दुरुस्ती जी. रॉकच्या ठेक्यात स्नेअर, म्हणजे ड्रमचा कडक ठोका, तिसऱ्या आणि सातव्या घरावर पडतो. 'डीपी जळे'मध्ये तिसरं घर 'ज', बरोबर. 'काळी झाली'मध्ये 'झा', बरोबर. 'पंपाची बी'मध्ये तो 'ची'वर पडतो, म्हणजे सगळा जोर प्रत्ययावर आणि 'पंप' विरून गेला. 'त्या पंपाची मस्ती' करा. अक्षरं सहाच, पण ठोका 'पा'वर येतो.

आता वाजवण्याचं. मायनस ट्रॅक, म्हणजे गाणाऱ्याचा आवाज नसलेलं तयार संगीत, लावू नका. ट्रॅक हसण्यासाठी थांबत नाही. लोक हसले की पुढची ओळ त्या हसण्याखाली बुडते, आणि पुढची ओळ बुडाली की तिसरीवर कोणी हसत नाही, कारण दुवाच तुटला. ठेका हातानेच वाजवा. हसू आलं की त्याच आवर्तनात फिरत राहायचं, गिटारने एकच तार दाबून धरायची, गाणाऱ्याने पुढची ओळ ऑक्टोपॅडवाल्याच्या डोळ्याच्या इशाऱ्यावर उचलायची. हसू उतरायला लागलं की उचला, पूर्ण थांबायची वाट पाहू नका. आणि हसू आलंच नाही तर एका आवर्तनात पुढे निघा. न आलेल्या हसण्यासाठी थांबलेला बँड फार केविलवाणा दिसतो.

झाडीपट्टीच्या नाटकात विनोदी नटाच्या वाक्यामागे पॅडवर 'ढुम्म' द्यायची सवय असते. दिवाळीपासून होळीपर्यंत रोज रात्री तेच केलं की हात आपोआप जातो. इथे तो हात बांधून ठेवा. 'ढुम्म' म्हणजे 'आता हसा' अशी पाटी. विडंबनी बँडमध्ये वाजवणाऱ्याला आपण विनोदी आहोत हे ठाऊकच नाही, असं दिसलं पाहिजे. डीपी जळाली याचं खरोखर दुःख झालेला ड्रमर हवा.

भोंगेवाले_काका

सगळे गाण्याबद्दल बोलून राह्यले, पण शब्द ऐकू आले तरच हसतीन ना बावा. तीन ठिकाणी हमखास गडबड होते.

पहिली, गिटारची. घरी डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज फाडून केलेली खरखर, जेवढं चढवता त्याच्या अर्ध्यावर या. गेन वाढला की आवाज मोठा वाटते पण धार जाते. पूर्ण कॉर्ड नका वाजवू, मूळ सूर आणि पंचम एवढेच दोन. मधला गंधार डिस्टॉर्शनमध्ये कचरा करते. शब्दांची व्यंजनं २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये असतात, गिटारचाही सगळा किर्र आवाज तिथंच. मिक्सरवर गिटारचा तो पट्टा ३-४ डेसिबल खाली घ्या. गाणाऱ्याच्या चॅनलले १०० हर्ट्झच्या खालचं काटा.

दुसरी, इको. आपल्याकडं माइक म्हटला की ऑपरेटर इको ठेवतेच, भजनाले गोड लागते. विडंबनाले इको म्हणजे विष. बंद म्हणजे बंद.

तिसरी, भोंगे. रस्त्याच्या तोंडावर १०० मीटरवर भोंगा बांधला तर वायरमधून आवाज तिथं लगेच पोचते, पण तिथून लोकांच्या कानापर्यंत हवेतून यायले ०.३ सेकंद लागते. १६० च्या लयीत (मिनिटाले १६० मात्रा) एक घर ०.१९ सेकंदाचं, म्हणजे दीड अक्षर मागे. मागच्या रांगेले सगळी वाक्यं दोनदोनदा ऐकू येतीन, एकही कळणार नाही. लय १०५ वर आणा, तरी एक अक्षर मागे राहीनच. त्या १५ मिनिटांपुरते लांबचे भोंगे सरळ बंद ठेवा, समोरचे दोन बॉक्स पुरे. शाळेची भिंत ५० मीटरवर असन तर तिथून परतणारा आवाजही तेवढाच उशिरा येते. बॉक्स थोडे खाली झुकवा, लोकांकडे, भिंतीकडे नाही.

अन् गाणाऱ्याले सांगजा, माइकची जाळी मुठीत पकडू नको म्हणून. रॉकवाले पकडतात, दिसायले झकास दिसते. पण जाळी झाकली की माइक चारही बाजूंनी आवाज घेते, शिटी सुरू होते. नक्कल करायचीच तर दांडा पकडून करा.

धुऱ्यावरचा

काका, सगळं टिपून घेतलं. ताई, 'तफावत दिसली की पुरे' हे पटलं, पण १५ मिनिटं तफावतीवर निघतील का? आणि सहावी_तार भाऊ, सोलो ठेवावा की नाही?

सहावी_तार

ठेवा, पण सोलो हाच विनोद असू द्या. आठ आवर्तनांचा सोलो ठरलेला. आठवं संपलं, गाणारा तोंड उघडतो, गिटारवाला डोळे मिटून पुढे चाललेला. गाणारा तोंड मिटतो. बाराव्याला पुन्हा. सोळाव्याला गाणारा खाली बसून नाडा बांधतो. सोळापुढे जाऊ नका, तिथून खरंच कंटाळा येतो.

यात गिटारवाल्याचा हात साफ लागतो. चुकून वाजवलेला बेसूर आणि ठरवून वाजवलेला बेसूर लोकांना बरोबर ओळखता येतो, सूर न कळणाऱ्यालाही. ठरवलेली चूक अर्ध्या सुराने, लांब धरून, समेवर. चाचपडत वाजवली की लोक हसत नाहीत, त्यांना लाज वाटते.

वाजवण्यात दम असला की विडंबन कुठवर जातं याला उदाहरण दिल्लीचा ब्लडीवूड हा बँड. सुरुवात पॉप गाण्यांची मेटल (रॉकचाच जड, कडाडणारा प्रकार) विडंबनं यूट्यूबवर टाकण्यापासून. २०१९ ला जर्मनीतल्या वाकेन या मेटल महोत्सवात वाजवलं आणि २०२२ ला 'रक्षक' हा स्वतःच्या गाण्यांचा अल्बम, त्यात ढोल आहे, चेष्टा नाही. उलटं उदाहरण रटल्स. बीटल्सच्या विडंबनासाठी नील इनिसने १९७८ मध्ये केलेली गाणी मुळाच्या इतकी जवळ गेली की प्रकाशकांनी दावा लावून हक्कात वाटा घेतला.

पऱ्हाटी

१५ मिनिटं फक्त तफावतीवर नाही निघणार. हर_बोला भाऊंनी विचारलेला 'ठावका शेवट' हवाच. आणि तो कोजागिरीलाच हातात आहे: भुलाबाई.

भाद्रपदी पौर्णिमेपासून महिनाभर घरोघरी तीच गाणी चालतात आणि शेवट कोजागिरीला. टिपऱ्या, फेर, साखळीसारखी वाढत जाणारी ओळ (सून माहेरी जायला विचारते आणि सासरचा प्रत्येक जण तिला दुसऱ्याकडे धाडतो), शेवटी खाऊ ओळखायचा. पटांगणातल्या प्रत्येक आजीला, सुनेला, पोरीला हा साचा पाठ आहे. डीपीला तर साखळी अंगच्या मापाची: वायरमन म्हणे साहेबाला विचार, साहेब म्हणे अर्ज आण, अर्ज म्हणे सह्या आण, सह्यावाले म्हणे वर्गणी आण. दर फेरीला एक कडी वाढते आणि गाणारा मागच्या सगळ्या कड्या पुन्हा म्हणतो.

पहिल्या दोन फेऱ्या गिटारशिवाय, फक्त टिपऱ्या आणि खंजेरी, आवाज गोड. लोक टाळ्या धरतील. तिसऱ्या फेरीला गिटार कडाडली पाहिजे आणि गाणाऱ्याचा आवाज घशातून, भुतासारखा. बोल तेच, 'वायरमन म्हणे'च. इथे मूळ सगळ्यांना माहीत आहे, रॉक कोणाला माहीत नसला तरी चालतो. रॉक म्हणजे आता भुलाबाईच्या गाण्यातल्या त्या सुनेचा संताप.

हर_बोला

हे जमलं ताई. अन् शेवटी थ्याच भुताच्या आवाजात 'खाऊ ओळखा' म्हना. पोट्टे ओरडतीन.

ऑक्टोपॅड_वडसा

साखळीचं गाणं असेल तर लय दर फेरीला वाढवू नका, सगळ्यांना तोच मोह होतो. कड्या वाढतात म्हणजे ओळ आपोआप लांबते, त्यात लय चढली की पाचव्या फेरीला शब्द तोंडात मावत नाहीत. फेरी ४ पासून लय उतरवा. १०५, मग ९०, शेवटची ७० वर, जड, हत्तीच्या पावलाने. मेटलवालेही गाण्याच्या मध्यात असं ठेका जड करून खाली आणतात. फेऱ्या सहाच. सातवी कडी लोकांनाच आठवत नाही.

घशातला आवाज एकूण दोन-तीन मिनिटांवर ठेवा. गळा आवळून काढला की दुसऱ्या दिवशी बोलता येत नाही. आवाज पोटातून, हलका काढायचा, मोठा करायचं काम माइकचं. घसा खवखवला की तिथेच थांबा.

अक्षरगणित

चालीचा प्रश्नही सुटला. भुलाबाईची चाल परंपरेची, तिचा मालक कोणी नाही. सिनेमाचं गाणं घेतलं असतं तर थोडं पाहावं लागलं असतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ खाली टीका-समीक्षेसाठी सवलत आहे, पण विडंबन हा शब्द तिथे नाही. हौशी मंडळाने तिकीट न लावता केलेल्या प्रयोगालाही त्याच कलमात वेगळी सवलत आहे. ती प्रयोगाला, तोच व्हिडिओ यूट्यूबवर टाकला की ती लागू पडत नाही.

साखळीत एक काळजी. प्रत्येक कडी एकाच साच्यात हवी: कर्ता दोन-तीन अक्षरी, मग 'म्हणे', मग वस्तू, मग 'आण'. 'साहेबाला विचार' इथे साचा मोडतो. 'साहेब आण' करा. साहेबालाच आणायला सांगितलं हे जास्त हसवेल, आणि मापही राहील.

धुऱ्यावरचा

मग डीपीचं अभंगी कडवं सुरुवातीला, जेमतेम ३ मिनिटं सोलोसह. मग भुलाबाई ७-८ मिनिटं. मधल्या वेळात काय? विग काढून टाकू का?

पऱ्हाटी

मधल्या वेळात सत्कार. घशातल्या आवाजात 'मी मंडळाच्या वतीने विनंती करतो की' म्हणून ऑक्टोपॅडवाल्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करा, दोन गाण्यांच्या मधे दोनदा, तोच नारळ. याचंही मूळ गावात सगळ्यांना तोंडपाठ आहे.

विग काढाच. त्याऐवजी पोळ्याची झूल खांद्यावर, हातात घुंगरमाळ, गिटारच्या डोक्याला बेगड. मेटलवाल्यांचे खिळे आणि चामडं यापुढे फिकं पडतं.

हर_बोला

झूल जुनी घ्या, या वर्सी बैलाच्या पाठीवर चढलेली नको. मानसं त्याची पूजा करतेत, तिथं हासू येनार नाई, राग येईन. बेगडाले कोनाची हरकत नाई.

भोंगेवाले_काका

घुंगरमाळ माइकपासून हातभर दूर. जवळ आली की बाकी काहीच ऐकू येत नाही.

वेळेचं पाहा. रात्री १० नंतर लाउडस्पीकर २००० च्या ध्वनी नियमांप्रमाणे बंद. १२ पर्यंतची सूट वर्षाले जास्तीत जास्त १५ दिवस, अन् तेही जाहीर झालेल्या दिवशीच. दूध बारा वाजता असलं तरी बँड साडेनऊच्या आत उरका.

दव पडायच्या आत उरकलेलंच बरं. गार हवेत गिटारच्या तारा आकसून सूर वर जाते, दवानं खंजेरीचं कातडं सैल पडून खाली येते. दोघं एकमेकांपासून दूर पळतात. खंजेरी आधी शेकून घ्या, किंवा फायबरची वापरा. घोरपडीच्या कातड्याची कोणाच्या घरी जुनी असन तर ती आणूच नका, वन्यजीव कायद्यात बसत नाही.

अन् एक अगोदर करा, बाकी सगळं मागून. गिटारचा अँप आणि मिक्सर एकाच बोर्डावर, एकाच अर्थिंगवर. अँप शाळेच्या सॉकेटवर अन् मिक्सर जनरेटरवर असं झालं की एका हातात गिटार, ओठाले माइक, आणि झटका. तीन पिनवाल्या प्लगची मोठी पिन कापलेली दिसली तर तो प्लग फेकून नवा लावा. गाणाऱ्यानं ओठ लावायच्या आधी माइकच्या जाळीले टेस्टर लावून पाहायचा. दिवा लागला तर सगळं बंद करून अर्थिंग शोधा. गिटार नुसती गुणगुणत असन तर तो झटका नव्हे, जवळच्या हॅलोजनच्या किंवा जनरेटरच्या बाजूनं गिटार वळवून पाहा, एका दिशेले गुणगुण कमी होते. तिथं खडूनं फुली मारा, गिटारवाला तिथंच उभा राहीन.

सहावी_तार

काका, फुलीवर उभा राहिला तर सोलोत पळायचं कुठे?

भोंगेवाले_काका

डीपी जळाली आहे ना बावा. पळून जाईन कुठं.

धुऱ्यावरचा

बदललेलं कडवं आणि सहा कड्यांची यादी उद्या टाकतो. चौथी कडी अडली आहे. 'सह्यावाले' मापात बसत नाही आणि 'सह्या म्हणे' यात बोलणारं माणूस नाही.

अक्षरगणित

'शिक्का म्हणे' घ्या. अर्ज बोलतो तर शिक्काही बोलेल. दोन अक्षरी आहे, 'क्का'वर तोंड उघडं राहतं, घशातून छान निघेल.